काळ्या लॅकरवरचा पंजा

बाजारातल्या स्पीकरवर लाकूड म्हणून छापील कागद चिकटवलेला असतो, आणि मला फसवणूक सहन होत नाही. म्हणून काशीत मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत बिऱ्हाड केल्यावर स्पीकरचे दोन डबे मी स्वतःच बनवले. रंग काळाच द्यायचा होता, पियानोसारखा, तोंड दिसेल असा. त्याला घाई चालत नाही. लॅकरचा थर द्यायचा, वाळला की भिजवलेल्या वॉटर पेपरनं घासून सपाट करायचा, मग पुढचा थर. रेल्वेच्या सिग्नल खात्यातल्या माणसाला एवढी चिकाटी असते.

घरात जागा एकाच डब्यापुरती होती. दुसरा संकठा घाटाजवळच्या प्रल्हाद पॉलिशवाल्याकडे दिला.

एका संध्याकाळी कामावरून आलो, तर वाळलेल्या थरावर पंजा उमटलेला. डावा, बायकी. तर्जनीच्या टोकाला आडवी खाच. अशी खाच सतारीच्या तारेनं पडते, आणि आमच्या घरात सतार माझी बायको वाजवते.

"देवश्री, ओल्या रंगाला हात लावलास?"

"मी कशाला लावू? रेडिओची ऑडिशन तोंडावर आलीय, मला रियाज सोडून फुरसत आहे का?"

ती इथलीच, चार पिढ्यांच्या काशीकर घराण्यातली. चिडली की निम्मं हिंदीत बोलते. त्या दिवशी मराठीतच बोलली, म्हणून मला जास्त संशय आला. पंजा घासून काढला आणि नवा थर दिला.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून वैतागून आली. "हजेरीची मशीन माझा अंगठाच घेत नाहीये, कुणाल. बार बार रिजेक्ट."

"भांड्यांची पावडर बदल," मी म्हणालो.

डब्यावर पुन्हा पंजा होता. आता मी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात घेऊन कामावर जाऊ लागलो. पंजा येतच राहिला. म्हणजे हिनं दुसरी किल्ली करून घेतली, असं मी धरून चाललो.

"पाळत ठेवतोयस माझ्यावर?" तिचे डोळे भरून आले. "इथे माझी मींड बिघडलीय, तार बोटाखालून सटकतेय, आणि तुला त्या डब्याची पडलीय!"

चोर तो चोर, वर शिरजोर, असं मी पुटपुटलो. तिला ऐकू गेलं असावं. त्या दिवशी वॉटर पेपर जरा जोरातच चालवला.

रविवारी दुपारी ताजा थर दिला, कडी लावून घेतली आणि डब्यासमोर बसून राहिलो. भिंतीपलीकडे देवश्री वाजवत होती.

ओल्या काळ्यात एक खळगा पडला.

मग त्याच्या शेजारी दुसरा. पाचही बोटं सावकाश टेकली, मग तळवा टेकला. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पलीकडे सतार चालूच होती.

या पंज्याला खाच नव्हती. रेषाही नव्हत्या.

मी धावत जाऊन तिचा डावा हात उलटा केला. तर्जनी सपाट होती. तळवा गुळगुळीत, घासलेल्या फळीसारखा. जे जे मी डब्यावरून घासलं होतं, ते ते हिच्या हातावरून गेलं होतं.

"दुखत नाही रे," ती म्हणाली. "फक्त काय धरलंय ते समजत नाही."

किती बोललो होतो मी तिला! आता तिच्याकडे बघायचीही लाज वाटत होती. त्या डब्याला पुन्हा पेपर लावणार नाही, असं मनाशी ठरवलं आणि तेवढ्यात दुसरा डबा आठवला. गच्चीत जाऊन प्रल्हादला फोन लावला.

"प्रल्हादजी, वो डब्बा घिसना मत."

"अरे साहब, ऊ तो अभी-अभी घिस दिए. कोई औरत कान सटा के सुनी होगी. गाल, कान, पूरा छाप आ गया था. आप चिंता मत करिए, एकदम सफा कर दिए हैं."

मी खाली आलो. "देवश्री!"

ती पाठमोरी बसून सतार जुळवत होती.

"देवश्री!"

तार केव्हाच सुराच्या वर जाऊन किंचाळत होती. ती शांतपणे छेडत होती आणि खुंटी पिळत होती.