बंद इंजिनातले तीन ठोके

विश्वास ठेवा अगर सोडा. पण माझ्या आजोबांनी आयुष्यात कधी थाप मारली नाही. मारत असते, तर मी आज इतका घाबरलो नसतो.

साल १९३८. निपाणीच्या वेशीवरची पिठाची गिरणी. अमावास्या... आणि भर दुपार.

आजोबा, मारुतीराव, शहापूरच्या खडेबाजारात इंजिनं दुरुस्त करायचे. इंजिनाच्या पायावर पाण्याची थाळी ठेवायची, पाणी किती थरथरतं ते बघायचं. मग शिसवी काठीचं एक टोक लोखंडाला, दुसरं कानाला. आत कुठं खडखडतंय ते बरोबर कळायचं.

अमावास्येला दळण कुणी आणत नाही. गिरणीत शांतता असते. म्हणून तिथलं इंजिन तपासायला आजोबांनी मुद्दाम तोच दिवस धरला.

तिथंच चुकलं.

जुना इंजिनवाला रवळू शिमग्यात त्याच इंजिनाच्या चाकात सापडून गेलेला. तेव्हापासून इंजिन हादरायचं. नवा इंजिनवाला नागोजी रोज जीव मुठीत धरून त्या चाकाशी उभा राहायचा.

आजोबांनी इंजिन चालवून तपासलं. दोष काही सापडेना. तेल तोडलं, पट्टा उतरवला. चाक थांबलं.

थाळीतलं पाणी स्थिर झालं.

आणि मग...

पाणी हललं.

तीनदा. थांबलं. पुन्हा तीनदा.

आजोबांनी काठी कानाला लावली. आतून ठोके येत होते... लोखंडावर लोखंड.

"नागोजी, आत काय वाजतंय रं?"

नागोजीनं काठीला कान लावला आणि पांढराफटक पडला.

"मिस्त्री... ह्यो रवळूअण्णाचा पाना हाय. चाक फिरवायच्या आधी तीनदा वाजवायचा. मानसं मागं सरावीत म्हनून."

"आनि तू?"

"मी न्हाय वाजवत ओ. माझ्याशिवाय हितं असतंय कोन?"

बोलता बोलता तो थाळी उचलायला चाकाजवळ वाकला.

पुन्हा तीन ठोके.

आजोबांनी त्याला सदऱ्याला धरून मागं खेचलं.

चाक फिरलं... तेल नाही, पट्टा नाही, हात नाही. एकच फेरा, नागोजीचं डोकं होतं तिथूनच. थाळी भिंतीवर जाऊन चेपली.

नागोजी चाकाला हात जोडून ढसाढसा रडला. पुढं जन्मभर तीन ठोके दिल्याशिवाय त्यानं इंजिन चालू केलं नाही.

ती काठी आता माझ्याकडं आहे. शहापूरच्या घरात, देवघराच्या कोपऱ्यात. घरात यंत्र म्हणावं असं काहीच नाही.

काल दुपारी जेवताना काठीजवळच्या तांब्यातलं पाणी हललं.

तीनदा.

आम्ही सगळे ताटावरून उठून मागं सरलो.

पण कशापासून... ते अजून कळलेलं नाही.