घुबडाने नेलेला दगड

नंदाबाईने पदराची गाठ सोडली आणि टेबलावर एक दगड ठेवला. आवळ्याएवढा, तांबूस, मधून पांढरी शीर गेलेला.

"माझा बा ह्या दगडासंगं झिजतोय, भाऊ," ती म्हणाली. "ह्यो संपला की त्योबी संपणार."

सन चौतीसच्या पौषातली सकाळ होती. लोणावळ्याच्या बाजारामागे दोन खोल्यांत बद्रुद्दीन मुलाणी राहायचा. पुण्याच्या पोलिसांत वीस वर्षं काढून, वर दमा घेऊन तो इथल्या हवेला आला होता. आता वडगावच्या वकिलांसाठी आणि अडल्यानडल्यांसाठी खासगी तपास करायचा. त्याच्या समोर बसलेला हौशीराम हा शेजारी. दवाखान्यातून निवृत्त झालेला कंपाउंडर. गुडघे गेलेले, घरी वाट बघणारं कोणी नाही, म्हणून तो बद्रुद्दीनच्या मागेमागे फिरायचा. फिरून दमायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा.

"नीट सांगा बाई," बद्रुद्दीन म्हणाला. "पहिल्यापासून."

नंदाबाईचा बाप रखमाजी वलवणच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहत होता. मार्गशीर्षात त्याच्या घराच्या आढ्यावर पांढरं घुबड येऊन बसलं. तीन दिवस बसलं. तिसऱ्या सांजेला म्हाताऱ्याने गोठ्याच्या फाटकाला अडसर म्हणून ठेवलेला दगड उचलला आणि भिरकावला. घुबड उडालं. दगड मात्र दुसऱ्या दिवशी शोधूनही सापडला नाही.

"घुबडाला दगड मारू न्हाई म्हंत्यात," नंदाबाई म्हणाली. "त्ये दगड उचलून नेतं आन् पाण्यात घासत बसतं. दगड झिजंल तसा मारणारा झिजतो. आठ दिवसांनी दगड पायरीवर आला. मुठीएवढा हुता, त्यो लिंबाएवढा झालेला. बानं हाय खाल्ली. आजवर चारदा आलाय, दर खेपेला बारीक. त्यानं अन्न सोडलंय. म्हंतो, खाऊन काय करू?"

"सापडलेल्या दगडाचं काय करता?"

"मावशी पदरात धरून तळ्यात टाकून येती. दुसरं कोण हात लावणार? आज मी तितंच हुते, म्हणून आदी उचलला आन् पळत आले." मावशी म्हणजे सरुबाई, रखमाजीची दुसरी बायको. नंदाबाई पाच वर्षांची असताना तिची आई शालूबाई पटकीने गेली, असं तिने सांगितलं.

हौशीरामने दगड हातात घेऊन उलटसुलट केला. मऊ होता, गेरूसारखा. बोटांना तांबडी भुकटी लागली. "तुमच्यातच घुबड लक्ष्मीचं वाहन ना?" बद्रुद्दीनने त्याला विचारलं.

"आमच्यातच," हौशीराम म्हणाला. "चित्रात हात जोडायचे, आणि घरावर बसलं की दगड मारायचा." त्याला हसू आलं नाही. त्याने डोळा चोळला आणि एकदम कळवळला. डोळ्यात आग उठली, पाणी वाहू लागलं.

"धूळ गेली," तो म्हणाला.

"जा, धुऊन या," बद्रुद्दीन म्हणाला आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

*

वाडी दोन मैलांवर होती. हौशीरामला ते चार वाटले. भात निघून गेलं होतं, खाचरं उघडी पडली होती आणि तळ्यावरून बोचरा वारा येत होता.

रखमाजी ओटीवर घोंगडीत होता. मुळात हाडापेराने दांडगा माणूस असावा. आता हाडंच उरली होती. हौशीरामने सवयीने नाडी बघितली, डोळ्याची पापणी ओढून बघितली, जीभ बघितली. विषाचं एकही लक्षण नव्हतं. उपास आणि भीती, एवढंच.

"घुबड कसं होतं, आबा?" बद्रुद्दीनने विचारलं.

"पांढरंफेक. तोंड पिंपळाच्या पानावाणी. त्या दिसापासनं दिसलं न्हाई. पर दगड यायच्या आदल्या सांजेला घुमतंय. परड्यातनं. घूऽ घूऽ घूऽ, तीनदा, आन् गप."

हौशीरामला वाटलं, नशीब म्हाताऱ्याचं की नुसतं घुमतं. त्याच्या स्वतःच्या खोलीमागे पडक्या तबेल्यात अशीच पांढरी जोडी होती. रोज दिवेलागणीला कापड टराटरा फाडल्यासारखी किंचाळायची.

"आन् माझ्या तोंडात दगड येतोय," रखमाजी कुजबुजला. "खाल्लेल्या घासात. म्हणून खात न्हाई."

रखमाजीचा पुतण्या मारुती गोठ्यात होता. तो कोणाचीच पर्वा नसल्यासारखा बोलला. "म्हातारा गेला तर घर माजं, ह्ये समद्यांना ठावं हाय. म्हणून माज्यावर नजर? दुसऱ्या खेपेला दगड आला तवा मी आठ दिस तळेगावला सासुरवाडीत हुतो. जावा, इचारा."

तो बोलत असताना हौशीराम गव्हाणीच्या कडेला टेकला. गवतात हाताला काहीतरी लागलं म्हणून त्याने ओढून काढलं. कळकाची नवी फुंकणी होती. ना काजळी, ना चटका. चुलीला कधी लागलीच नसावी. त्याने ती बद्रुद्दीनला दाखवली आणि परत ठेवून दिली. घरात काय, कुठेही काहीही पडलेलं असतं.

परड्यातल्या उंबराखाली बद्रुद्दीन बराच वेळ वाकून होता. त्याच्या तळहातावर केसांचे काळपट गोळे होते, सुकून भुगा झालेले. आत उंदरांची इवलीशी हाडं. "घुबड खातं आणि न पचलेलं असं ओकून टाकतं," तो धापा टाकत म्हणाला. "सगळे जुने. ताजा एक नाही."

मग नथू देवऋषी. वाडीच्या टोकाला राहणारा, चेहऱ्यावर देवीचे वण असलेला. तो मुळातच वैतागलेला होता.

"माजा उतारा फुकट गेला, सायेब. कोंबडं दिलं, लिंबं दिली, तरी दगड येतोच. लोक हसाया लागली. माजं काय भलं झालं ह्यात?"

"तुम्हाला बोलावलं कधी? दगड मारल्यावर?"

"न्हाई, आदी. घुबड बसलं त्याच्या दुसऱ्या दिशी रखमाजीचा सांगावा आला. घुबड बसलं म्हंजी घरात बाईमानसाचा दोष असतुया. मी म्हनलं, अवसेला बगू. मंग दगडाचं झालं आन् समदं फिरलं. मागल्या खेपेला बसलं तवा..." नथू थांबला.

"मागल्या खेपेला?"

"काय न्हाई. लय वर्सं झाली." यापुढे तो बोलेना.

दुपारी सरुबाईने दोघांना जेवायला वाढलं. तिशी ओलांडलेली, अबोल, डोळ्यांखाली काळं. तिच्या चुलीशी लोखंडी फुंकणी होती, काजळीने माखलेली. नाचणीची भाकरी आणि लाल मिरचीची चटणी. दुसऱ्याच घासाला हौशीरामच्या दाताखाली कच्च झालं. जात्याला नुकतीच टाकी लावली असेल, ताज्या टाक्यांची कच पिठात येतेच, असं मनात म्हणून त्याने घास गिळला.

"बाई, जात्याला टाकी कधी लावली?" बद्रुद्दीनने सहज विचारलं.

"शिमग्याच्या सुमारास. का?"

"काही नाही." तो नुसती भाकरी चावत राहिला. चटणीला त्याने परत हात लावला नाही.

*

दुसऱ्या दिवशी दोघे वडगावला गेले. कचेरीत ओळखीचा कारकून होता. जन्ममृत्यूचं जुनं दप्तर काढायला त्याने दीड तास लावला. हौशीराम बाकावर पेंगला. जागा झाला तेव्हा बद्रुद्दीन एका पानावर बोट ठेवून बसला होता.

"बावीस वर्षांपूर्वीचं पान. त्या वाडीत त्या साली पटकी नव्हतीच. रखमाजीचा मुलगा, सहा महिन्यांचा, तापाने गेला, ही नोंद आहे. शालूबाईची नाही. त्या सालीही नाही, पुढच्याही नाही."

"राहिली असेल लिहायची."

"सहा महिन्यांचं पोर लिहिलं आणि त्याची आई राहिली?" बद्रुद्दीनने दप्तर मिटलं. तो फार थकलेला दिसत होता. "चला हौशीराम. हे काम घेतलं नसतं तर बरं झालं असतं."

*

तिसऱ्या दिवशी दुपारी रखमाजीच्या ओटीवर सगळे जमले. नंदाबाई बापाच्या उशाशी, मारुती खांबाला टेकून, नथू पायरीवर, सरुबाई आतल्या दारात उभी.

"आबा," बद्रुद्दीन म्हणाला, "ह्या घरावर बसलेलं घुबड दगड पडला त्या सांजेलाच गेलं. उंबराखाली ताजी ओकारी नाही. म्हणजे दगड आणून ठेवणारा माणूस आहे."

"आन् घुमतंय त्ये?"

"पांढरं घुबड घुमत नाही. किंचाळतं. हौशीराम रोज ऐकतात, फक्त त्यांनी दोन्ही गोष्टी एकाशेजारी ठेवल्या नाहीत. घुमण्याचा आवाज पोकळ कळकाच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की निघतो. गव्हाणीत एक फुंकणी आहे. तिने चूल कधीच बघितलेली नाही."

हौशीरामने मान खाली घातली.

"आता दगड. तो झिजवला कुठे? दगड हाताळून हौशीरामनी डोळा चोळला, तर डोळा पेटला. धुळीने डोळा खुपतो, पेटत नाही. दगडाच्या छिद्रांत मिरची होती. तुमच्या घासात दगड येतो म्हणालात, आबा, ते खरं होतं. आमच्याही आला. जात्याला टाकी लावून वर्ष होत आलंय, तेव्हा कच भाकरीतली नव्हे, चटणीतली. तांबडा दगड पाट्यावर घासला जात होता, आणि मिरचीच्या रंगात तांबडी भुकटी कोणाला दिसणार?"

बद्रुद्दीन खांबाकडे वळला.

"मारुती दुसऱ्या खेपेला गावातच नव्हता. नथूबाबांचा उतारा ह्या दगडाने खोटा पाडला. ते स्वतःच्या पोटावर कशाला पाय देतील? नंदाबाई लोणावळ्याला राहतात आणि दगड त्यांनीच माझ्याकडे आणला. पाटा रोज एकाच बाईच्या हातात असतो. आणि तळ्यात टाकते म्हणून दर खेपेला दगड नेणारीही तीच."

"मावशी?" नंदाबाई उठली. "तू? का गं?"

सरुबाई रडली नाही. दाराची चौकट धरून ती सावकाश खाली बसली.

"बारा वर्सं राबले हितं. मूल झालं न्हाई. घुबड बसलं तवा हे माझ्याकडं बगून म्हनाले, 'परत आली वाटतं घरात एक.' दुसऱ्या दिशी नथूबाबाला सांगावा. म्होरं काय व्हनार ते मला ठावं हुतं. शालूअक्कांचं समदं पाणवठ्यावर कळतं. समद्यांना ठावं हाय, निस्ती ही पोर सोडून."

"माझ्या आयचं काय?" नंदाबाईने विचारलं.

उत्तर बद्रुद्दीनलाच द्यावं लागलं. "तुमची आई पटकीने गेली नाही. तुमचा भाऊ तापाने गेला, घरावर घुबड बसलं होतं, आणि तिला चेटकीण ठरवून घराबाहेर काढलं. मेल्याची नोंद नाही, कारण ती मेली तर कुठे मेली, हे कोणी बघितलंच नाही. खरं ना, आबा?"

रखमाजी आढ्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले.

"घाटाकडं गेली. पावसाचे दिस हुते. दोनदा मागं वळून बगितलं तिनं. मी कवाड लावून घेतलं."

नथूने पटका काढून मांडीवर ठेवला.

"यांनी मारलेला दगड दुसऱ्या दिशी सकाळी मला परड्यात घावला," सरुबाई म्हणाली. "मनात आलं, घुबडाचं बोट माझ्याकडं हाय, त्ये यांच्याकडं फिरवावं. यांनी निस्तं भ्यावं, एवढंच. मंग यांनी जेवण सोडलं. थांबवावं वाटायचं. पर थांबले की पुन्ना माझ्यावर येनार. रोज पाट्यावर बसायची आन् हात आपसूक चालायचा. लय थकले मी, भाऊ. न्या कुटं न्यायचं तितं."

"मी कोणाला कुठे नेत नाही," बद्रुद्दीन म्हणाला. "मला बोलावलं नंदाबाईंनी. त्यांनी सांगावं."

नंदाबाईने बापाच्या अंगावरून सरकलेली घोंगडी नीट केली. तेवढंच. मग ती आत गेली, सरुबाईची दोन लुगडी आणि एक तांब्या गाठोड्यात बांधून बाहेर आली.

"ऊठ मावशी. माझ्या घरी दोन खोल्या हायेत. चल."

दोघी पायऱ्या उतरून गेल्या. मारुतीही बैल सोडायचं निमित्त करून निघाला. नथू कधी गेला ते कळलंच नाही.

रखमाजीने विचारलं, "तवा त्ये घुबड आलं कशापायी हुतं?"

"उंदरांपायी," बद्रुद्दीन म्हणाला. "तुमच्या कणगीखाली उंदीर झालेत, आबा. बाकी त्याचं तुमच्याशी काही काम नव्हतं."

म्हाताऱ्याने हाताने पोट चाचपलं, जणू तिथे काहीतरी विसरलेलं सापडलं होतं.

"भूक लागली," तो म्हणाला. आत चूल विझलेली होती.

बद्रुद्दीनला बाहेर खोकल्याची उबळ आली होती. हौशीरामला परतीचे दोन मैल दिसत होते, गुडघे ठणकत होते आणि ह्या माणसासाठी काही करावं असं मनातून जरासुद्धा वाटत नव्हतं. तरी चाळीस वर्षं माणसांना औषध पाजलेला हात त्याचा; तो खांबाला धरून उठला. चूल पेटवली, मडक्यात तांदूळ टाकले, मिठाचा खडा टाकला. तासाभराने पेज घेऊन तो बाहेर आला.

रखमाजीने वाटी दोन्ही हातांनी धरून संपवली आणि पुन्हा पुढे केली.

"उद्या कोण देईल?" त्याने विचारलं.

हौशीरामने त्याला दंडाला धरून उभं केलं आणि एकेक पाऊल टाकत आत चुलीपाशी नेऊन बसवलं.

"तांदूळ ह्या मडक्यात आहेत," तो म्हणाला. "एका वाटीला सहा वाट्या पाणी. नीट बघून ठेवा, आबा. मी एकदाच दाखवणार आहे."