पहिल्या नंबरची भीती

“घाबरायची हौस आहे ना, मग घाबर बाई. पण एकटीने घाबरू नकोस,” पद्मजामावशी म्हणाली होती. मुलुंडच्या तिच्या स्वयंपाकघरात ती वाल सोलत बसली होती आणि मी घाईघाईने सँडलचा पट्टा लावत होते. मंगळवारची दुपार, माझी रजा, आणि एका नव्या भुताच्या पिक्चरचा तीनचा शो. मैत्रिणींपैकी एकही यायला तयार नव्हती. मी म्हटलं, मावशी, भूत असणारच आहे सोबतीला. आणि निघाले.

थिएटरात जेमतेम दहा माणसं. तरी माझ्या शेजारच्याच खुर्चीत एक जण होता... निळा शर्ट, मांडीवर पॉपकॉर्न आणि डोळे गच्च मिटलेले. आधी वाटलं, झोपलाय. मग बघितलं तर त्याची बोटं खुर्चीच्या हातावर हळूहळू ठेका धरत होती. म्हणजे जागा होता. माझ्याहून भित्रा, मी मनात म्हटलं, आणि जरा सुखावलेही.

पडद्यावर नायिका माळ्याचा जिना चढायला लागली. चौथी पायरी... पाचवी... आणि मी खुर्चीचा हात समजून जो हात घट्ट धरला, तो खुर्चीचा नव्हता.

“दोन सेकंद लवकर,” डोळे न उघडताच तो म्हणाला. “अजून काही झालेलं नाही.”

“होणार आहे.”

झालंच. मी किंचाळले. हात मात्र सोडला नाही. त्यानेही सोडवून घेतला नाही.

मध्यंतरात मी त्याला विचारलं, इतकी भीती वाटते तर येता कशाला? तो मनापासून हसला. त्याचं नाव सुबोध, राहायला घाटकोपरला, कामाला अंधेरीच्या एका स्टुडिओत. काम काय, तर पिक्चरमधली माणसं चालतात, दारं लोटतात, भांडी पाडतात, ते आवाज नंतर पडद्याकडे बघत बघत कुणीतरी पुन्हा करायचे असतात. ते हा करायचा. नायिकेची पावलंसुद्धा बायकांच्या चपला घालून हाच चालायचा. आज तो पिक्चर बघायला नाही, ऐकायला आला होता.

“म्हणजे मघाशी त्या माणसाची मान मोडली...”

“मुळ्याची जुडी. ओल्या फडक्यात गुंडाळून.”

मला रागच आला. लहानपणापासून मी भीती जपून ठेवलेली. मोबाइलमध्ये माझी आवडत्या भुतांची यादीच होती, दर दिवाळीत नव्याने लावलेली. पांढरी साडी, मोकळे केस, हातात मेणबत्ती असल्या भुतांना त्यात थारा नव्हता. शाळेत असताना मावशीच्या पदराआडून बघितलेली ती टीव्हीवरची मालिका, जिच्या नुसत्या सुरुवातीच्या संगीताने मी पलंगाखाली पाय सोडायचे नाही, ती चौथी. न दाबलेल्या मजल्यावर थांबणारी लिफ्ट तिसरी. कोकणातल्या घरात पाहुण्यांना आग्रह करकरून जेवायला वाढणारी ती प्रेमळ आजी, जिला सावलीच नसते, ती दुसरी. तिच्या फोटोचा तर माझ्याकडे टी-शर्ट होता.

सुबोध यादी वाचत गेला आणि एकेकीचं वस्त्रहरण करत गेला. लिफ्ट म्हणजे पिठाच्या डब्याचं झाकण, म्हणाला. आजीच्या बांगड्या म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. मी कानांवर हात ठेवले. मग तो पहिल्या नंबरवर आला. रिकामं घर, भर दुपार, भूत कुठेच नाही. नुसता झोपाळ्याचा आवाज. कर्र... किर्र... कर्र...

तिथे तो थांबला.

“हा कसा काढला ते सांगितलंस ना,” मी म्हटलं, “तर पुन्हा तोंड बघणार नाही तुझं.”

त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. “म्हणजे... नाही सांगितलं तर बघशील?”

बघितलं. पुढचं वर्षभर दर मंगळवारी बघितलं. मग एकदा मनोरीला जाताना मार्वेच्या धक्क्यावर तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, जरा लांब जा आणि गर्दीतून ये. बोटीसाठी गर्दी लोटलेली, कोळणी टोपल्या घेऊन चाललेल्या, पोरं पळतायत. मी हळूच मागे जाऊन उभी राहिले, तर मान न वळवता म्हणाला, “आलीस. तू आधी टाच टेकतेस, मग क्षणभर विचार करतेस आणि मग उरलेलं पाऊल टाकतेस. दहा हजारांत ओळखेन.” आणि त्याच श्वासात, लग्न करशील का? मी नेहमीसारखी दोन सेकंद लवकर हो म्हणाले.

गार्गी झाली. बारशाला सासूबाईंनी घाटकोपरहून घरचा लाकडी पाळणा पाठवला, ज्यात सुबोधही वाढलेला. लाल-हिरव्या रंगाचा, लोखंडी कड्यांचा. सुबोध दर रविवारी त्या कड्यांना तेल घालायचा. इतका निगुतीने, की पाळणा हलला तरी सूंसुद्धा आवाज यायचा नाही. मला त्याचं कौतुक वाटायचं.

आणि मी मात्र... कसं सांगू? जगातली सगळी भुतं पचवलेली मी, माझ्या घरात घाबरायला लागले. भाजी चिरता चिरता वाटायचं, श्वास चालू आहे ना तिचा? जाऊन नाकाखाली बोट धरायचं. चालू असायचा. परत यायचं, सुरी उचलायची, की पुन्हा तेच. आंघोळीला दोन मिनिटं लागायची. ती गाढ झोपायची आणि मी तिच्याकडे बघत बसायचे. भुताचे पिक्चर सोडाच, ती यादीही मी पुसून टाकली. मावशी फोनवर विचारायची, येऊ का गं चार दिवस? मी म्हणायचे, छे, मी ठीक आहे.

गार्गीला तिसरा महिना लागला होता. रविवारची दुपार. सुबोध बाहेरच्या खोलीत काम करत बसलेला. मी पाळण्यापाशी जाऊन परत वळले, तर तो दारात उभा होता.

“ओट्यापासून पाळण्यापर्यंत नऊ पावलं आहेत,” तो म्हणाला. “जेवल्यापासून एकतीस वेळा गेलीस.”

“काहीतरीच.”

“आणि तू तुझी पावलं चालत नाहीयेस, गंधाली. तू चवड्यांवर चालतेस. पिक्चरमध्ये मी अशी पावलं... फार घाबरलेल्या माणसाला देतो.”

मी हसायला गेले आणि रडूच आलं. मग सगळं सांगितलं त्याला, बोटापासून सुरीपर्यंत. शेवटी म्हटलं, तिचा आवाजच येत नाही रे. पाळणा हलला तरी कळत नाही. घर इतकं शांत असतं, की मला जाऊन बघावंच लागतं.

सुबोधचा चेहरा उतरला. तो आत गेला, फडकं आणि साबणाचं पाणी घेऊन आला. गार्गीला माझ्या मांडीवर दिलं. स्टुलावर चढून एकेक कडी पुसली, पुन्हा पुसली, सगळं तेल काढलं. खाली उतरला. पाळण्याला एका बोटाने झोका दिला.

कर्र... किर्र... कर्र...

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच. माझा पहिला नंबर, रिकाम्या घरातला झोपाळा.

“तू?” मी म्हटलं.

“मी आणि आई. पाळणा टेम्पोत घालून स्टुडिओत नेला होता.” तो खाली बघत बोलत होता. “तू म्हणाली होतीस, तोंड बघणार नाही. पाळणा घरी आला आणि माझी वाट लागली. म्हणून तेल घालत बसलो. तुझी भीती जपायला गेलो मी... आणि तुला कसली भीती देऊन बसलो बघ.”

त्याने त्या दिवसाचं मूळ रेकॉर्डिंग लावलं, पिक्चरमध्ये न गेलेलं. कर्र, किर्र, आणि मागून सासूबाईंचा मालवणीतला वैतागलेला आवाज, “अरे झिला, तेका त्याल घाल मा. पोर उठात.” मग सुबोध, “आई, पोर मीच आहे. आणि मी उभा आहे.”

मी हसले. किती दिवसांनी, कुणास ठाऊक. गार्गी दचकून माझ्याकडे बघायला लागली, कारण हा आवाज तिने ऐकलाच नव्हता.

“आता?” सुबोधने विचारलं. “तोंड बघणार नाहीस?”

“नाही,” मी म्हटलं, आणि डोळे मिटून त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. “ऐकेन नुसतं.”

पाळणा पुसून भीती पुसली गेली नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी सुबोध मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाल्या, बाळंतपणानंतर हे पुष्कळ जणींना होतं, आणि बरं होतं. काही महिने लागले. मावशी चार दिवस म्हणून आली, ती दोन महिने राहिली. तिने ‘सांगितलं होतं ना’ एकदाही म्हटलं नाही. वालाचं बिरडं तेवढं करून घातलं. या तिघांचं मी काय देणं लागते, ते मला सांगता येत नाही.

आता मी भाजी चिरते आणि आतून ऐकू येतं, कर्र... किर्र... म्हणजे कुशीवर वळली. म्हणजे आहे. यादी मी पुन्हा लिहिली आहे. पहिला नंबर तोच आहे, फक्त त्याला आता मी घाबरत नाही. गेल्या मंगळवारी गार्गीला मावशीकडे ठेवून आम्ही तीनच्या शोला गेलो. थिएटरातले दिवे मालवायच्या आधीच मी सुबोधचा हात धरून ठेवला.

तुमच्या मजल्यावर, नात्यात, ऑफिसात कुणाला तरी नुकतंच बाळ झालं असेल. आज जरा तिच्याकडे जाऊन याल का? बाळाला बघायला सगळेच जातात. तुम्ही तिला बघा. विचारा, तू कशी आहेस गं? ती म्हणेल, मी ठीक आहे.

लगेच उठू नका. मीही तेच म्हणत होते.