बिनकिमतीच्या प्लेयरची चोरी

"टीव्ही भिंतीवर तसाच हाय, मॅडम. चोरानं त्याच्या खालचा जुना प्लेयर नेलाय. अन् चोर म्हणून माझं नाव घेऊन राहिलेत."

व्यंकट खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता. लातूरच्या एका शोरूममध्ये विकलेले टीव्ही लोकांच्या घरी जाऊन बसवून द्यायचे, हे त्याचं काम.

ज्ञानेश्वरी बिराजदारने विमा कंपनी सोडून खासगी तपासाचं ऑफिस उघडलं, तेव्हा तिचे मामा भीमाशंकर एसटीतून नुकतेच निवृत्त झाले होते. भाचीची गाडी चालवायची आणि तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी आपणहून उचलली होती. तपासातलं आपल्याला बरंच कळतं, असं त्यांना मनापासून वाटे.

"कसला प्लेयर?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"हाय-डेफिनिशन डिस्कचा. औशाच्या हणमंतरावांनी थोरल्या लेकीच्या लग्नात घेतला, तवा लई महाग होता. लग्नाची शूटिंग बी तसल्याच डिस्कवर करून घेतली. पण टीव्ही बारका, त्यात काय दिसणार? आता मोठ्या टीव्हीचे भाव दर सणाला उतरून राहिलेत, म्हणून त्यांनी एकदाचा घेतला. प्लेयरला मात्र भंगारवाला बी विचारीत न्हाई."

"काल काय झालं ते नीट सांग."

"सकाळी टीव्ही बसवला, प्लेयर जोडला, डिस्क लावली. पंगत चालली होती. काय चित्र, मॅडम! जिलबीचा पाक चमकलेला दिसत होता. हणमंतराव स्वतःचा फेटा बघून खूश. घरातल्या काकू तर उठून टीव्हीला नाक लावून उभ्या राहिल्या. अन् तेवढ्यात लाइट गेली."

"मग?"

"काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी म्हणलं, डिस्क काढून पुसून देतो. लाइट नसली की प्लेयरचं तोंड उघडत न्हाई, पण बारीक छिद्र असतंय, त्यात पिन घातली की निघती. तर हणमंतराव म्हणले, राहू दे आतच. धाकटीला बघायला उद्या लोह्याचे पाहुणे येणार, त्यांना लावून दाखवायची हाय."

व्यंकट निघाला, पण ड्रिल तिथेच विसरला. दुपारी तो परत गेला. दार उघडं होतं, बैठकीत कुणी नव्हतं. कोपऱ्यातलं ड्रिल पिशवीत टाकून तो आला. प्लेयरकडे त्याचं ध्यानच गेलं नाही. दिवस मावळताना लाइट आली आणि प्लेयर जागेवर नाही हे बघून हणमंतरावांनी शोरूमला फोन केला.

"मालक म्हणले, प्लेयर आण, न्हाईतर कामावर येऊ नको. बायको बाळंतीण हाय, मॅडम."

"चल. तूही गाडीत बस," ज्ञानेश्वरी उठत म्हणाली.

औशाच्या रस्त्याला लागताच मामांनी निकाल देऊन टाकला. "भुरटा चोर असणार, माय. भिंतीवरून टीव्ही काढायला वेळ लागतो. हाताला लागलं ते नेलं."

"असेल, मामा," ती म्हणाली. पण ती दुसराच काही विचार करत होती, हे त्यांना कळलं.

हणमंतराव दारातच भेटले. व्यंकटला पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ज्ञानेश्वरीने त्याला ओसरीवर बसवलं आणि ती आत गेली.

टीव्हीने भिंत भरून टाकली होती. खालच्या फळीवर सुटलेल्या वायरी आणि प्लेयरचा रिमोट पडला होता.

"तीन दिवाळ्या मी नुसता भाव विचारून परत आलो," हणमंतराव अभिमानाने सांगू लागले. "थांबलो, तवा परवडला. काल जेवून शेतावर गेलो ते लाइट आल्यावरच घरी आलो."

"इन्व्हर्टर नाही तुमच्याकडे?"

"ते बी स्वस्त झालं की घेऊ."

मामांना हसू आलं. ज्ञानेश्वरी मात्र चतुराबाईंकडे वळली. हणमंतरावांच्या पत्नी दिवाणावर बसल्या होत्या. पाहुणे आल्यावरही त्या उठल्या नाहीत. चहा ठेवायला त्यांनी धाकट्या लेकीला, ऋतुजाला पिटाळलं. बाईंचे गुडघे दुखत असावेत, असं मामांना वाटलं.

"दुपारी तुम्ही घरीच होता, काकू?"

"हाव. आतल्या खोलीत निजले होते. पंख्याच्या आवाजात काही ऐकू आलं न्हाई बघा."

ऋतुजा चहा घेऊन आली. लातूरच्या कॉलेजात ती शिकवायची. काल ती घरी आली ती लाइट आल्यानंतरच.

"आज येणारा मुलगा ओळखीचा आहे?" ज्ञानेश्वरीने सहज विचारलं.

"छे! अंगदचा फक्त फोटो बघितलाय." कप देऊन ती लगेच आत वळली.

तेवढ्यात हणमंतरावांचा फोन वाजला. पाहुण्यांनी लातूर ओलांडलं होतं.

"मग उरकून घेऊ," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मामा, व्यंकटला आत बोलवा."

सगळे जमले. मामा ऐटीत खुर्चीवर बसले. हा भाग त्यांच्या फार आवडीचा होता.

"ज्याला प्लेयर विकायचा किंवा वापरायचा असता, त्याने रिमोट सोडला नसता. म्हणजे चोराला प्लेयर नको होता. त्याला आतली डिस्क हवी होती."

"मग डिस्कच न्यायची!" हणमंतराव म्हणाले.

"काढता आली नाही म्हणून अख्खा प्लेयर नेला. लाइट नव्हती, तोंड उघडेना. पण व्यंकटला पिनेची युक्ती ठाऊक आहे. त्याला प्लेयर उचलायची गरजच नव्हती. हणमंतराव, तुम्हालाही त्याने ती युक्ती सांगितली होती. ऋतुजा लाइट आल्यावर आली. मग घरात उरलं कोण? पिनेची गोष्ट निघाली तेव्हा चहा ठेवायला आत गेलेलं माणूस."

चतुराबाईंनी पदर सावरला.

"काकू, लाइट नव्हती आणि घरात इन्व्हर्टर नाही. मग तुमचा पंखा कशावर फिरत होता?"

मामांनी कप खाली ठेवला. हे त्यांनीही ऐकलं होतं, आणि चहाबरोबर गिळून टाकलं होतं.

"आणि आम्ही आल्यापासून तुम्ही या दिवाणावरून उठला नाहीत."

चतुराबाई सावकाश उठल्या. दिवाणाची फळी उचलून, गोधड्यांच्या खालून त्यांनी प्लेयर काढला आणि सरळ व्यंकटकडे वळल्या.

"लेकरा, तुझ्यावर आळ आलाय हे मला आता, तू आत आल्यावर कळलं. ह्यांनी मला फोनचं सांगितलंच न्हाई. पाहुणे गेल्यावर मी गुपचूप ठेवणार होते."

"पण का?" हणमंतराव ओरडले.

"लावून बघा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

व्यंकटने वायरी जोडल्या. पंगत दिसू लागली. मधोमध हणमंतरावांचा फेटा, आणि त्याच्या मागे, खांबाशी, ऋतुजा एका तरुणाला जिलबी भरवत होती. बारक्या टीव्हीवर तिथे नुसते दोन ठिपके दिसत असत. आता त्या तरुणाच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसत होता. स्थळाबरोबर आलेल्या फोटोत अंगदच्या हनुवटीवर होता, तोच.

"जावईबापूंच्या मित्रांत आला होता तो," चतुराबाई पुटपुटल्या. "मी काल ओळखलं. तुम्हाला प्रेमाचं लग्न नको, अन् तिकडच्यांना बी नको. स्थळ तर दोन्हीकडं पसंत हाय. मोडू न्हाई, एवढंच मनात होतं."

हणमंतरावांनी लेकीकडे पाहिलं.

"तवापासून?"

"हाव, आबा."

"अन् मी न्हाई म्हणलो असतो तर?"

ऋतुजाचे डोळे भरले. "तर नाही. म्हणून तर अंगदला रीतसर विचारायला लावलं."

हणमंतरावांनी खिशातून फोन काढला आणि शोरूमच्या मालकाला स्पष्ट शब्दांत सांगितलं, की चूक माझी होती, तुमचा माणूस सोन्यासारखा आहे. व्यंकटचा हात धरून त्यांनी त्याला शेजारी बसवलं. "चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई."

बाहेर गाडी थांबली. अंगदचे वडील देविदासराव आत आले, मागे मान खाली घालून अंगद. पडद्यावर पंगत चालूच होती. ती बंद करायला ऋतुजा धावली, पण हणमंतरावांनी तिला हाताने थांबवलं.

"या, देविदासराव. पोराचं बघून झालंय केव्हाच. तुम्ही तेवढं बघून घ्या."

देविदासरावांनी पडद्यावर नजर टाकली, मग लेकावर.

"मला वाटलंच होतं," देविदासराव मांडी घालून बसत म्हणाले. "पोरीचं नाव, गाव, शिक्षण सगळं ह्यानंच सांगितलं. मध्यस्थ मला मागून हुडकावा लागला!"