हातभर उघडा ताणा

काम साधं होतं. इराणी गालिच्याच्या कोपऱ्याला कसर लागली होती, म्हणून गालिचेसाहेबांनी रफूगाराला बोलावलं होतं. हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. घरात माणसं दोन आणि गालिचे एकोणीस. पाहुणे आले की बायको दारातच सांगायची, "चपला बाहेर काढा, आणि जमलं तर पायही."

इराणी गालिचा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आधीच्या मालकाच्या मागे चौदा वर्षं लागून मिळवलेला. त्यात भिंतीआडची बाग होती, सरूची झाडं होती आणि प्रत्येक झाडावर एक लाल पक्षी. समोरच्या भिंतीवर गेल्याच आठवड्यात आणलेला कुर्दी गालिचा होता. जाड, काळपट, तंबूतल्या धुराचा वास असलेला. तो अर्धवट होता. वरच्या लाकडी दांड्यापासून हातभर ताणा, म्हणजे नुसते उभे धागे, उघडाच राहिला होता.

कोपरा दुरुस्त करून रफूगार त्या कुर्दी गालिच्यापुढे थबकला.

"साहेब, ही विणणारी मध्येच गेली."

"शंभर वर्षं झाली त्याला."

"असतील. पण काम राहिलंय ना... टोक बांधून टाकतो. बांधलं की संपलं. आणि तोवर याच्यासमोर लोकर ठेवू नका."

"कसर लागली तर रफू. एरवी मूळ वस्तूला हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. या तत्त्वापायी त्यांनी एका गालिच्यावरचा परक्याच्या चहाचा डागसुद्धा जपला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंग घेऊन ते बसले असताना आवाज आला. टक्... टक्. फणीने गाठींची ओळ ठोकून बसवावी तसा. शेजारी कोणी खिळा मारत असेल म्हणून त्यांनी खिडकी लावली. आवाज थोडा स्पष्ट झाला. खोलीत ओल्या लोकरीचा वास दाटला. त्यांनी वर पाहिलं.

उघडा ताणा वीतभरच उरला होता.

नव्या विणीत एक सरूचं झाड होतं. त्यावर लाल पक्षी. साहेबांनी सावकाश मान वळवली. इराणी बागेतल्या एका झाडाच्या जागी उभे-आडवे धागे स्वच्छ दिसत होते. झीज नाही, कसर नाही. गाठी फक्त... सोडवून नेल्या होत्या.

साहेबांचा निरोप मिळताच, संध्याकाळच्या आत रफूगार कात्री घेऊन हजर झाला.

"सांगितलं होतं, साहेब. आता बांधून भागायचं नाही. ताणा कापतो. तुमची बाग निम्मी तरी वाचेल."

"कापा," साहेब म्हणाले. कात्री धाग्यांपर्यंत पोचली. तेवढ्यात एक धागा, कुणी बोटाने पुढे ओढावा तसा, हलकेच पुढे आला. त्याच्याभोवती हिरवी लोकर फिरली, गाठ बसली, टोक तुटलं. हात दिसला नाही. पण काय सफाई होती! काय वेग!

"थांबा..."

"साहेब, इराणी गालिचा जाईल!"

"जाऊ दे." साहेब खुर्ची ओढून तिथेच बसले. "तीस वर्षं गालिचे गोळा केले हो. विणताना एकही पाहिला नाही."

रफूगाराने कात्री पिशवीत टाकली आणि जिना उतरताना मागे वळून पाहिलं नाही.

पुढचे दोन दिवस साहेब खुर्चीतून हलले नाहीत. बागेची भिंत गेली, पाण्याचा पाट गेला, पक्षी गेले. त्यांना हळहळ वाटायला हवी होती. ती वाटतच नव्हती. देवळात बसावं तसे ते हात जोडून बसले होते. समोर ओळीओळीने एक खोली उभी राहत होती. खिडकी, खुर्ची, खुर्चीत माणूस, मांडीवर भिंग. खांद्यापर्यंत माणूस झाला, चेहराही झाला. मग आवाज थांबला. इराणी गालिच्यात पांढरी लोकर उरली नव्हती.

बायको चहा घेऊन आली. ती त्यांच्या मागे थांबली.

"अहो, हे डोकं कुणी भादरलं तुमचं?"

"कुठे?"

"मागे. कानापासून कानापर्यंत. पट्टी लावल्यासारखी सरळ ओळ आहे... हजामाला भांग कळत नव्हता की तुम्हाला?"

साहेबांचा हात मानेकडे गेला. समोर, गालिच्यातल्या माणसाच्या डोक्यावर, केसांची पहिली ओळ बसली होती. पांढरीशुभ्र.

चार बोटं ताणा अजून उघडा होता. आणि त्या माणसाच्या शेजारी, जिथे आतापर्यंत काहीच नव्हतं, तिथे दुसऱ्या खुर्चीची पाठ विणून झाली होती.

"बसू नकोस," ते म्हणाले. निदान त्यांना तसं वाटलं. गालिच्यातल्या माणसासारखे त्यांचेही ओठ हललेच नाहीत.

बायकोने नेहमीसारखी शेजारची खुर्ची ओढली, बसली, आणि चहाचा घोट घेत म्हणाली, "शेजारचा अजून खिळे मारतोय वाटतं?"