अकरानंतरचं सरबत

"चौदा माणसं दवाखान्यात हायत," शांतादेवी जिना चढून आल्या आल्या म्हणाल्या. "माझं सरबत पिऊन."

निशा कुरणेने चहाचा कप खाली ठेवला. जावयांवर पाळत ठेवायच्या कामांना ही खासगी गुप्तहेर अगदी विटली होती. आज तिचे डोळे चमकले. तिचे सहायक कृष्णातमामा, निवृत्त हवालदार, वही उघडून बसले. मामांची वही भराभर भरते, डोकं जरा सावकाश चालतं. पण माणूस लाखमोलाचा.

पंधरा वर्षं घरोघरी पाचक मसाले विकून शांतादेवींनी काल, मे २००४च्या एका रविवारी, कोल्हापुरात स्वतःचं दुकान उघडलं होतं. पाहुण्यांसाठी आमसूल, जिरं नि सुंठीचं गार सरबत आणि त्याच मसाल्याचा गरम काढा. वाटप सकाळी आठला सुरू झालं. अकरापर्यंत सगळे ठणठणीत. अकरानंतर ज्यांनी सरबत घेतलं, ते उलट्यांनी बेजार झाले. जिवाला धोका नव्हता, पण दुकानाला टाळं लागलं. आज पाचच्या आत अन्न निरीक्षकांना लेखी खुलासा द्यायचा होता. तो पटला नाही तर परवाना कायमचा रद्द.

"अकराला कोण आलं, ठाव हाय? शेजारचा कोल्ड्रिंकवाला जोतीराम. पातेल्याचं झाकण त्यानंच उचललं. तेवढं शाबीत करा, बास."

स्वच्छतेत आपण कुठेच कमी पडलो नाही, हे त्यांनी पुनःपुन्हा सांगितलं. पाणी उकळलेलं होतं. पितळी पातेल्याला आठच दिवसांपूर्वी कल्हई करून घेतली होती. साडेसातला सरबत ओतलं तेही स्वतः, वीज गेलेली असताना, आतल्या खोलीत मेणबत्ती लावून.

निशाने मामांच्या स्कूटरवर उडी मारली. मसाले पुरवणारे कुरुंदवाडचे सोमशेखर दुकानापाशीच भेटले. सरबत आणि काढा, दोन्हींना मसाला एकाच पोत्यातला होता आणि काढा पिणाऱ्या कुणालाही बाधा झाली नव्हती. निशाने त्यांना सोडून दिलं.

जोतीराम घोंगडी पांघरून पडला होता.

"माझा धंदा बसणार, म्हणून बघाय गेलतो," तो म्हणाला. "झाकण उचलून वास घेतला. एक नंबर वास की. दोन ग्लास प्यालो आन् दिसभर ओकत बसलो. लाजेनं दवाखान्यात गेलो न्हाय."

"नाटक," मामांनी वहीत लिहिलं.

शांतादेवींची सून सौंदर्याही दोन ग्लास सरबत पिऊन आजारी होती. हुपरीची, चांदीचे दागिने घडवणाऱ्या घरातली, लग्नाला आठ महिने झालेली. रांगोळी, ग्लास, भांड्यांची चकाकी, सगळं तिनेच बघितलं होतं. बोलता बोलता ती रडायला लागली.

परसात ते पातेलं पालथं पडलं होतं. दवाखान्याच्या धावपळीत त्याच्याकडे बघतो कोण. निशाने ते उलटलं.

"आतबाहेर सोन्यासारखं हाय बघा," मामा हरखून म्हणाले.

बाहेरून कोरलेल्या नावाच्या अक्षरांत लाल पूड अडकली होती. मामा म्हणाले, कुंकू असणार. निशाने शांतादेवींना विचारलं, तर पूजेत पातेल्याला नुसती विभूती लावली होती.

चार वाजता निशाने सगळ्यांना सोप्यात बसवलं. जोतीरामही घोंगडीसकट आला.

"सरबतात कुणीच काही टाकलं नाही," ती म्हणाली. "मामा, कल्हईचं भांडं आतून कसं दिसतं?"

"पांढरं. चांदीगत," मामा म्हणाले आणि समोरच्या पातेल्यात डोकावले.

"आणि हे सोन्यासारखं. म्हणजे कल्हई गेली. उघड्या पितळेत आमसुलाचं सरबत कळकतं, पण त्याला वेळ लागतो. अकरापर्यंत विष थोडं होतं, नंतर बाधेल इतकं उतरलं. त्याच वेळी जोतीराम आला, हे त्याचं नशीब. काढा वेगळ्या भांड्यात होता."

"पर कल्हई आठ दिवसांत कशी जाईल?" शांतादेवींनी विचारलं.

"घासून जात नाही. मशीनवर जाते. त्या अक्षरांत अडकलंय ते चांदीला चकाकी देणारं लाल पॉलिश."

चेहरा उतरलेली सौंदर्या सासूकडे वळली. "दादाकडनं पॉलिश करून आणलं, अव्वा. आत पांढरं पांढरं दिसलं, मला डाग वाटलं. आमच्यात सगळं मशीनवरच चकाकतंय."

"तिला माहीत असतं, तर ती स्वतः दोन ग्लास प्यायली नसती," निशा म्हणाली.

साडेचार वाजले. मामांनी हळूच विचारलं, खुलाशात सूनबाईंचं नाव घालू का?

सुनेकडे बघून शांतादेवींनी कागद मामांपुढे सरकवला. पंधरा वर्षांची मेहनत त्या कागदावर होती.

"लिवा," त्या म्हणाल्या. "भांडं माझं. आत न बघता सरबत ओतलं ते मी. हिचं नाव कुठं येऊ द्यायचं न्हाय."

त्यांनी सही केली. तेवढ्यात सौंदर्या भिंतीला धरून उठली.

"पातेलं मी नेलतं," ती म्हणाली. "ते बी लिवा. मी संगं येणार."

मामांना कागद पुन्हा लिहावा लागला. पाचला दहा मिनिटं कमी असताना निरीक्षकांनी तो दोनदा वाचला, दोन्ही सह्या बघितल्या आणि नवी कल्हई होईपर्यंत दुकान बंद ठेवा, एवढंच खाली लिहिलं.