दर वळणावर हाक

तिगावच्या वीरेंद्रले त्याच्या मायनं कलकत्त्याले धाडलं होतं, मोठ्या भावाले घरी आणाले.

सौरभ, मोबाईलची बत्ती बंद कर बे. भूत तुझं तोंड पाहून पळालं त गोष्ट कोणाची सांगू? अन् रश्मी, तू मधात सरक. काठावरच्याले आधी धरते म्हणतात.

वीरेंद्रची माय उषा, माझी मावसबहीण. मोठा पोरगा विनायक. लहानपणी कडबा-कुट्टीच्या मशीनीत त्याची उजवी करंगळी गेली, पण चार बोटांनं अशी फरशी बसवे का पाण्याचा थेंब सरकू नये. कलकत्त्याले जमिनीखालच्या स्टेशनात काम करून राहिला होता. खाली मेट्रो, मधात लोकल, वर रस्त्यावर ट्राम, तिन्ही जोडलेल्या. दिवाळीच्या आधी तिथंच डोक्यावर लोखंडी पाइप पडला. पेटीत घरी आला. वीरेंद्रनं भरपाईसाठी फोन केला त मुकादम म्हणे, "इस नाम का कोई था ही नहीं."

पाहा बाप्पा! मेला अन् वरून माणूसच नव्हता!

उषा म्हणे, "देह जाळला, पोरगा तिथंच भटकून राहिला. रोज सपनात रस्ता पुसते. तू जाय. पडला तिथून हाक मार. दर वळणावर सांग, इकडे पायऱ्या, इकडे डावीकडे. मागं पाहू नको. एक वळण राहिलं त थो तिथंच राहीन."

अकरा जानेवारी दोन हजार चोवीस. गुरुवार. अमावस्या. रात्रीचे नऊ चाळीस. वीरेंद्र मेट्रोच्या फलाटावर उभा राहिला.

"चाल दादा. इथं पायऱ्या आहेत."

मागं पावलं वाजली. नागडे पाय, ओल्या फरशीवर.

वर तिठा. डावीकडे लोकल, उजवीकडे ट्रामचा रस्ता. गेटाचं काम बाकी होतं, तिथं मुकादम उभा. आवाज तोच, फोनवरचा.

"किसको बुला रहा है बे? दीवार को?"

चार जण हासले. वीरेंद्र लाजला. मान खाली घातली अन् गुपचूप डावीकडे वळला.

दहा पावलं गेला.

मागची पावलं थांबली...

मंग...

"वीरू... कोणीकडे?"

आवाजात रडणं नव्हतं. राग होता.

वीरेंद्रच्या अंगात थोच राग चढला. मागं पाहाचं नाही. उलट्या पावलांनं चालला. एक... दोन... पाठीले गार लागलं. तरी चालला. तिठ्यावर उभा राहून ओरडला,

"विनायक दत्तात्रय घागरे! मुक्काम तिगाव! तुझ्या पायाखालची फरशी तूच बसवली! डावीकडे चाल!"



मुकादम भिंतीले चिकटला होता. वीरेंद्रच्या खांद्यामागं पाहून हात जोडले.

"था... था... यहीं था..."

वीरेंद्रनं मागं पाह्यलं नाही. लोकल, मोठी गाडी, नागपूर, पांढुर्णा. दर वळणावर हाक. तिसऱ्या दिवशी पहाटे तिगाव. कडी वाजवाच्या आधीच उषानं दार उघडलं.

दारावर सिमेंटचा पंजा होता. ताजा. उजवा.

चार बोटांचा.

दोन उन्हाळे गेले. काल मी तिगावले गेलो, बोट लावून पाह्यलं. अजून वाळला नाही...

सौरभ, दात काय काढतं? आण तुझी बत्ती. हे पाह्य माझ्या नखात.